शोरूमच्या गाडीचं मन लागलं

“सून येऊन चार महिने झाले, अजून पाहुण्यासारखी राहते. आणि ही गाडी बघ, परकी असून चार दिवसांत घरात रमली,” सुलभाताई ओट्यापाशी तन्मयला, आपल्या मुलाला, सांगत होत्या. मागच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या केतकीने ते ऐकलं आणि सासूबाईंच्या पातळाला चिमटा लावला. खोटं त्यात काहीच नव्हतं.

घरची गाडी दुरुस्तीला गेली होती आणि शोरूमने तोवर वापरायला ही पांढरी दिली होती. दारात गाडी आली की ओवाळायची, एवढंच सुलभाताईंना ठाऊक. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फोडला. ही आपली नव्हे, हे तन्मयचं तेव्हा सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून तिन्हीसांज झाली की गाडी तुळशीतल्या दिव्याची आठवण म्हणून एक हॉर्न द्यायची. दूध पातळ असलं, तर दूधवाल्याला फाटकातून आत सोडायची नाही.

पाचव्या दिवशी तिघं जण गाडी परत करायला गेले. शोरूमच्या मगदूमसाहेबांनी वाकून, बॅटरी मारून सगळी गाडी तपासली. ओरखडा नाही, पोचा नाही. मग त्यांनी नुकसानीच्या रकान्यात लिहिलं: ‘मन लागले.’

“ह्याची भरपाई?” तन्मय म्हणाला.

“मग? ओरखडा पॉलिशनं जातोय. हे जात नाही. बघा की!”

गाडी फाटकातच अडून उभी होती. कोरड्या काचेवर वायपर चालू होते.

“फॉर्मवर तुम्हीच छापलंय, गाडी स्वतःची समजून वापरावी. आम्ही समजलो.”

“तुम्ही समजायचं होतं हो. गाडीला कळू द्यायचं नव्हतं. मागं एकांनी दोन महिने वापरली, जाताना हिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. ओवाळलं कुणी?”

“मी,” सुलभाताई ताठ मानेने म्हणाल्या. “दारात आलेल्याला ओवाळायचं नाही, तर काय हाकलायचं?”

“काकू, एकतर भरपाई द्या, नाहीतर हिनं स्वतःहून आतल्या रांगेत जाऊन उभं राहिलं पाहिजे. तोवर तुमची गाडी सोडता येत नाही. नियम आहे.”

तन्मयने ढकलून पाहिलं. सुलभाताईंनी “शहाणी ना माझी ती?” म्हणून पाहिलं, तर गाडीने त्यांना बसायला दार उघडून दिलं.

तेव्हा केतकी पुढे झाली. काचेशी वाकून ती काहीतरी पुटपुटली. वायपर थांबले. गाडी मागे सरली, वळली आणि आतल्या रांगेत दोन गाड्यांच्या मधे नीट जाऊन उभी राहिली. मगदूमसाहेबांनी रकान्यावर काट मारली, सही केली, वर शिक्का उमटवला.

“काय गं सांगितलंस तिला?” सुलभाताईंनी डोळ्याला पदर लावत विचारलं.

“म्हटलं, तू निर्धास्त जा, तुझी कामं आजपासून माझ्याकडे,” केतकी म्हणाली. “दिव्याचं मी बघेन, दुधाचंही बघेन. पण आई, हॉर्न काही मला जमायचा नाही. मी हाक मारीन. ओट्यापाशी बोललेलं मागच्या अंगणात ऐकू येतं, तसं अंगणातलं आतही येईलच की.”