तळ्याच्या बांधाचं भूमिपूजन

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. तळ्याला मातीचा बांध होता, आणि बांध होता म्हणून ग्रामपंचायतही होती. सरपंच होते गोंदाजी कासव. त्यांचं घर तळ्यातच. दुसरं पाणी चार कोसांवर, आणि कासवाचे चार कोस म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा.

दरवर्षी होळीच्या सुमारास बांधाला मुठीएवढं भोक पडायचं. मग धुरपा म्हैस चिखलात लोळून यायची आणि भोकाला पाठ घासायची. भोक बुजायचं. कुणाचं काही अडत नव्हतं.

यंदा मात्र ग्रामसेविका टिटवीने तिला अडवलं.

"थांब गं धुरपे. राजधानीतून बांधदुरुस्तीची योजना आलीय. दहावा हिस्सा गावाने भरायचा, बाकीचा निधी सरकार देणार."

"अगं, पण मी फुकट बुजवतेय की."

"फुकटच्या कामाला निधी मिळत नाही."

गोंदाजींना हे पटलं. कागदावर असलं की त्यांना काहीही पटायचं. गावाचा हिस्सा उभा करायला त्यांनी शेपटी-कर बसवला. ज्याला शेपटी, त्याने टोपलीभर बोरं द्यायची. बेडूक सुटले. त्यांची पिल्लं सापडली, कारण पिल्लांना शेपटी असते. वानरं आठवडाभर बूड टेकून बसून राहिली. पालीने शेपटी तोडून पंचायतीच्या दारात ठेवली आणि पावती मागितली.

बोरं जमली. आता आमदारांची शिफारस हवी होती. आमदार होते तरसराव. सदा हसतमुख, कारण तरसाचं तोंडच तसं. त्यांनी बोरं ठेवून घेतली, शिफारस दिली आणि म्हणाले, "भूमिपूजनाला मी स्वतः येतो."

त्यांना सवड होईपर्यंत भोक भोपळ्याएवढं झालं. गोंदाजींचा जीव टांगणीला लागला. मुहूर्ताच्या दिवशी ते हात जोडून म्हणाले, "साहेब, कुदळ जरा लांब मारा."

"सरपंच, जिथे काम तिथेच भूमिपूजन. फोटोत भोक दिसायला नको का?"

नारळ फुटला. पहिली कुदळ भोकाच्या कडेला बसली. फोटो हलला, म्हणून दुसरी मारली. दुसऱ्या वेळी टिटवीने डोळे मिटले होते, म्हणून तिसरी. तिसरीला बांध फुटला. टाळ्या थांबेपर्यंत अख्खं तळं मंडपाखालून वाहून गेलं.

गोंदाजी चिखलात उभे होते. आपण काय करून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांना रडू आलं.

आठ दिवसांनी पाहणी पथक आलं. त्यांनी बांध पाहिला, कोरडा तळ पाहिला आणि अहवालात लिहिलं, 'बांधाची गळती पूर्णपणे थांबली आहे. काम समाधानकारक.' पंचायतीला आदर्श बांध पुरस्कार मिळाला. तरसरावांनी स्वतः गोंदाजींच्या पाठीवर शाल घातली.

"सरपंच, दोन शब्द बोला."

"मी निघतो साहेब," गोंदाजी म्हणाले. "आत्ता निघालो तर पावसाळ्यापर्यंत कुठेतरी पाणी लागेल."

आणि शालीसकट ते चालू लागले.

तात्पर्य : जो भोक चिखलाने बुजवतो तो अडाणी, जो त्याच्यासाठी निधी आणतो तो कर्तबगार. तेव्हा मुलांनो, मोठेपणी तळ्याचा विकास जरूर करा. फक्त त्या तळ्यात राहू नका.