कृष्णाजींच्या गाडीचं घर

नवीन गाडी अंगणात येऊन उभी राहिली आणि पडद्यावर पहिलाच प्रश्न उमटला: आपले घर कोठे आहे?

कृष्णाजी चष्मा पुसून बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिले. साठी उलटली तरी हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. फणसकोंडात त्यांचं घर सगळ्यांना ठाऊक होतं आणि फणसकोंडाबाहेर कोणाला ते शोधायची वेळ आली नव्हती. वेळ आली होती ती फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा घात झाला होता.

कृष्णाजींची एकुलती मुलगी मैत्री बोर्ली पंचतनला शाळेत शिकवत होती. तिला आलेलं पहिलं स्थळ रस्ता चुकून खालच्या वाडीत शिरलं आणि तिथलीच मुलगी पसंत करून गेलं. दुसरं स्थळ वाटेत दिसेल त्याला विचारत विचारत कसंबसं आलं, पोहे खाल्ले, आणि जाताना मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी चांगली हाय. पण ज्या गावाचं नाव शेजारच्या गावाला म्हायती न्हाय, तिथं माणसं आहेत का न्हायत ते तरी काय कळायचं?" हे वाक्य कृष्णाजींच्या काळजाला लागलं. रोह्याच्या कंपनीत उभा जन्म यंत्रं दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता रस्ता दाखवणारी गाडीच घ्यायची आणि पुढचं स्थळ कोणालाही न विचारता दारात आणून उतरवायचं.

आता प्रश्नाचं उत्तर देणं भाग होतं. त्यांनी एका बोटाने पत्ता लिहिला: मुक्काम फणसकोंड, पोस्ट बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन. गाडीने आपल्या पोटातल्या नकाशात शोधलं आणि त्यांना रत्नागिरीतल्या एका लॉजचा रस्ता दाखवला. पुन्हा लिहिलं, पुन्हा लॉज. मग गाडीने स्वतःच सुचवलं, सध्याचे ठिकाण घर म्हणून ठेवायचे का? कृष्णाजींनी घाईघाईने 'हो' दाबलं. पडद्यावर एक चकली फिरू लागली आणि फिरतच राहिली, कारण नोंद व्हायला रेंज लागते आणि फणसकोंडात फोनची रेंज नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. गावाच्या शिवेवर स्मशानाची शेड आहे, तिथल्या कातळावर चांगली रेंज येते. त्यामुळे गावातल्या मुलांचे निकाल, मुंबईच्या नोकऱ्या, लेकीबाळींच्या बाळंतपणाच्या बातम्या, सगळं काही फणसकोंडाला स्मशानात कळतं. संध्याकाळी तिथे जत्रेसारखी माणसं असतात. गावाला त्याचं काही वाटत नाही. कृष्णाजींनाही वाटलं नाही. त्यांनी गाडी सुरू केली.

"नवी गाडी पयली मसणात नेताव?" पुतळाबाई पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या. "अजून हिला हळद लागली न्हाय!"

"रेंज तिथंच हाय, त्याला मी काय करू?"

मैत्री शाळेत निघाली होती. फाट्यापर्यंत बापाबरोबर गाडीत बसली, तेवढ्यात तिला सगळा प्रकार कळला.

"बाबा, जिथे उभं राहून बटण दाबाल, तेच घर धरतं ते."

"श्रीवर्धनला जाऊन सातबाऱ्याचा अर्ज केला, म्हणून आपलं शेत श्रीवर्धनला गेलं का?"

"न्हाय, पण..."

"मग? पत्ता मी वर लिवलाय. अर्ज कुठूनबी करावा, पत्ता लिवलेलाच धरतात."

मैत्रीकडे याचं उत्तर होतं, पण फाट्यावर एसटी आली होती. शाळेतल्या मुलांना ती रोज समजावत होती. बापाला समजवायला एसटी थांबत नाही. ती उतरून गेली. कृष्णाजींनी कातळावर गाडी लावून बटण दाबलं. क्षणात काम झालं. गाडीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपले घर नोंदवले आहे."

"आभारी आहे," कृष्णाजी म्हणाले.

चूक कधीच उघडकीला आली असती, पण कृष्णाजी पडले मानी. श्रीवर्धनहून येताना बोर्लीपर्यंत ते बाईचं सगळं ऐकून घेत आणि बोर्ली सोडली की तिला बंद करत. स्वतःच्या घरी यायला परक्या बाईने रस्ता दाखवावा हे त्यांना पटत नव्हतं.

माघात तिसरं स्थळ यायचं ठरलं. खाडीपलीकडचे, मुरूडच्या बाजूचे बाळाजी, त्यांची बायको केसर आणि मुलगा सिद्धेश. सिद्धेश पंचायत समितीत नोकरीला. मंडळी आगरदांड्याहून जेटीने, म्हणजे फेरीबोटीने, दिघीला उतरणार होती. तिथून त्यांना आणायला कृष्णाजींनी स्वतः जायचं नाही असं पुतळाबाईंनी बजावलं, कारण मुलीच्या बापाने ड्रायव्हर होऊन उभं राहणं बरं दिसत नाही. म्हणून बोर्लीत मिनिडोर रिक्षा चालवणाऱ्या चांगदेवला सांगितलं. हा चांगदेव घाटावरून नुकताच आला होता आणि त्याला बोर्ली ते दिघी एवढाच मुलूख माहीत होता. कृष्णाजींना तेच सोयीचं वाटलं. बघू दे पाहुण्यांना, नवखा माणूससुद्धा कसा थेट येतो ते.

"हे घराचं चित्र हाय ना, ते दाबायचं," कृष्णाजींनी सकाळी गाडी ताब्यात देताना सांगितलं. "आणि वाटेत कोणाला म्हणून विचारायचं न्हाय. बाई सांगेल तसं यायचं."

"बाई म्हनंल तसं," चांगदेव म्हणाला. "घरीबी तेच करतोय."

गाडी गेली. पुतळाबाईंनी पोहे भिजवायला काढले, खोबरं खवलं. आणि शेजारी पेज द्यायला गेलेल्या मैत्रीच्या रडण्याचा आवाज आला. गुणाजीतात्या गेला होता.

गुणाजीतात्या हा कृष्णाजींचा लांबचा चुलता. बायको मागेच गेलेली, मूलबाळ नाही, एक पुतण्या मुंबईला. मैत्रीला त्याने खांद्यावर खेळवली होती. अंथरुणाला खिळल्यापासून एकच वाक्य म्हणायचा, "पोरीच्या लग्नाचा जेवल्याबिगर मी जायचा न्हाय." आदल्या रात्रीच मैत्रीने त्याला पेज भरवली होती, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. पुतळाबाई खोबऱ्याची वाटी हातात तशीच घेऊन उंबऱ्यावर बसल्या आणि रडू लागल्या.

गावात मयत असलं की ते उचलून नेईपर्यंत कोणाची चूल पेटत नाही. म्हणजे पोहे नाहीत, चहा नाही, पाहुण्यांना गरम पाणीसुद्धा नाही. घरटी एक माणूस आणि एक लाकूड स्मशानात जायला हवं. पाहुण्यांना आजच्या दिवस थांबवणं हाच एक उपाय होता, आणि त्यासाठी फोन करायला स्मशानातच जावं लागणार होतं. कृष्णाजी खांद्यावर लाकूड घेऊन सगळ्यांच्या आधी निघाले.

कातळावर चढून त्यांनी बाळाजींना फोन लावला.

"अहो, आम्ही जेटीवर चढलो पण!" पलीकडून वाऱ्यात बाळाजी ओरडले. "तुमच्या माणसाचा फोन आला, दिघीला येऊन थांबलाय. काय म्हणताव?"

ज्या तोंडाने सोयरीक बोलायची त्याच तोंडाने मयत कसं सांगायचं? "काय न्हाय," कृष्णाजी म्हणाले. "या. सावकाश या."

मग त्यांनी मनाशी हिशेब केला. पाहुणे येईपर्यंत इथलं आटपेल, मागच्या वाटेने जाऊन आंघोळ करावी, चूल पेटवावी आणि धोतर नेसून ओटीवर उभं राहावं. हिशेब चोख होता. पण तिरडी आली आणि पाठोपाठ पुतण्याचा फोनही आला की मुंबईहून निघालेली गाडी कोलाडला अडकली आहे, दिवस मावळायच्या आत पोचत नाही. जाणती माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांत सगळ्यांत म्हातारे होते ते भागोजी. त्यांनी कृष्णाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्या घरच्या पेजेवर जगला तो. तूच मडका घे, कृष्णा."

याला नाही म्हणता येत नाही, आणि कृष्णाजींना म्हणायचंही नव्हतं. अंगावरचा नवा सदरा त्यांनी काढून ठेवला. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन ते चितेभोवती फिरू लागले. भागोजी मागून दगडाने मडक्याला भोक पाडत होते आणि पाण्याची धार उघड्या पाठीवरून खाली चालली होती. माणसं स्तब्ध उभी होती. त्या शांततेत मागे गाडी थांबल्याचा आवाज आला आणि काच खाली होऊन एक गोड आवाज सगळ्या स्मशानाला ऐकू गेला.

"आपण घरी पोहोचला आहात."

कृष्णाजींनी तो आवाज ओळखला. पण मडकं खांद्यावर असलेल्या माणसाने मागे वळून बघायचं नसतं. ते फिरत राहिले. पाठीवरचं पाणी जास्तच गार लागू लागलं.

"इथं कुठं आलो रे?" ही केसर.

"घरी," चांगदेव ठामपणे म्हणाला. "मॅडम म्हनली."

"अरे, समोर चिता हाय!"

"मला इचारायचं न्हाय म्हनून सांगितलंय."

दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज झाला. कृष्णाजींनी मडकं मागे टाकून फोडलं, चितेला अग्नी दिला, आणि मग त्यांना समोर बाळाजी दिसले. हातात पेढ्यांचा पुडा, डोक्याला टोपी. तिसरं स्थळही गेलं, हे कृष्णाजींना तिथेच कळून चुकलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते गुणाजीतात्यासाठी की मैत्रीसाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाळाजींनी पेढ्यांचा पुडा मागे गाडीत केसरकडे दिला. चपला काढल्या, एक लाकूड उचलून चितेवर ठेवलं आणि हात जोडले. मग मुलाकडे बघितलं. सिद्धेशने कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारल्या आणि तोही लाकूड घेऊन पुढे झाला.

स्मशानात पाऊल ठेवलं की आंघोळ केल्याशिवाय कोणाच्या घरात जाता येत नाही. त्यामुळे पाहुण्यांचं पहिलं स्वागत कृष्णाजींच्या विहिरीवर झालं. चूल पेटली, पण पोह्यांसाठी नाही, पाणी तापवायला. सिद्धेशचे कपडे भिजले होते, म्हणून त्याला कृष्णाजींची जुनी लुंगी आणि गळ्याशी सैल झालेला बनियन दिला. अशा थाटात तो ओटीवर बसला असताना मैत्री चहा घेऊन आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू आलं.

"तुमचे कोण होते ते?" सिद्धेशने हळूच विचारलं.

"कोणी न्हाय," मैत्री म्हणाली. "आजोबाच."

अग्नी दिलेला, म्हणून कृष्णाजी अंगणातच लांब बसले होते. "चूक माझी हाय," ते बाळाजींना म्हणाले. "पोरगी सांगत होती, मी ऐकला न्हाय. तिच्यावर राग धरू नका."

बाळाजींनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "मी उभा जन्म एसटीत कंडक्टर होतो. पुष्कळ गावं बघितली. लग्नात सगळीच गावं चांगली दिसतात. मयताला कोण कसा उभा राहतो ते कोण दाखवत न्हाय. तुम्ही ते आधीच दाखवलात." मग केसरकडे बघून म्हणाले, "तेरावा झाला की बोलायला येऊ. काय गं?"

"येऊ," केसर म्हणाली. "पण तुमची ती बाई बंद करून."

"बाईला काय बोलू नका," बाळाजी म्हणाले. "तिथं रेंज चांगली होती. बाई पोचलात म्हणाली तशी मान वर करायच्या आधीच मी आमच्या सगळ्या भावकीला ती जागा पाठवून दिली. पोरीचं घर सापडलं म्हणून."

कृष्णाजींचा चेहरा उतरला.

लग्न वैशाखात ठरलं. कृष्णाजींनी गाडीतलं घर मैत्रीकडून बदलून घेतलं, बाळाजींनी आपल्या फोनमधलं पुसलं. पण ते भावकीतून भावकीत, मामाकडून मावशीकडे, पार सुरत आणि नालासोपाऱ्यापर्यंत गेलं होतं. सगळं वऱ्हाड येणार ते स्मशानात, यात शंका उरली नाही. पुतळाबाई डोक्याला हात लावून बसल्या. शेवटी भागोजी म्हणाले, "यात रडायचा काय हाय? वऱ्हाडाला सामोरा शिवेवरच जातात. आपली शीव तिथंच हाय."

लग्नाच्या दिवशी कृष्णाजी फेटा बांधून, नारळ घेऊन कातळाजवळच्या वडाखाली उभे राहिले. मागे ढोल-सनईचा खालूबाजा तयार होता. पहिली बस आली, मग मिनिडोर, मग गाड्यांमागून गाड्या. प्रत्येक गाडीतून तीच बाई तेच सांगत होती, "आपण घरी पोहोचला आहात," आणि प्रत्येक वेळी कृष्णाजी हात जोडून म्हणत होते, "या, या." व्याह्यांची गळाभेट झाली. केसरने या वेळी पेढ्यांचा पुडा हातातून सोडला नाही.

वऱ्हाड वाजतगाजत गावाकडे वळलं. कृष्णाजी मागे थांबले. पुतळाबाईंनी दिलेली पत्रावळ त्यांनी पिशवीतून काढली. भात, वरण, वाटाण्याची उसळ आणि एक जिलबी. पंगत बसायला अजून वेळ होता. हे पहिलंच पान. शेडच्या कडेला, जिथे चिता रचली होती, तिथे त्यांनी ते ठेवलं आणि भोवती पाणी फिरवलं.

"जेव तात्या," ते म्हणाले. "वऱ्हाड आधी तुझ्याच दारात उतरवलाय."