अस्वलाच्या चार तारा आणि सशाचे दोन कान

एका जंगलात झाडांपेक्षा सल्लागार जास्त होते. त्याच जंगलात केरबा नावाचं एक अस्वल बास गिटार वाजवत असे.

मुलांनो, बास गिटार म्हणजे काय ते आधी सांगतो. लग्नात गाणं सुरू झालं की तुम्हाला गायक ऐकू येतो. ढोलकी ऐकू येते. आणि त्याच वेळी तुमच्या पोटात कुणीतरी 'थुम, थुम' करत हळूच चालत असतं. ते बास गिटारचं काम. चार जाड तारा, विजेवर चालणारा स्पीकर आणि वाजवणाऱ्याचा भरपूर संयम, एवढं त्याला लागतं. संयम अशासाठी, की गाणं संपलं की लोक गायकाला हार घालतात, ढोलकीवाल्याची पाठ थोपटतात आणि बासवाल्याला विचारतात, "तुम्ही नक्की काय करत होतात?"

केरबा बारा वर्षं 'करवंद म्युझिकल पार्टी'त वाजवत होता. बारा वर्षं त्याच तारांवर. आता अस्वल म्हटलं की मध आला, आणि मध आला की चिकट बोटं आली. मध पिऊन पिऊन तारा सुस्तावल्या. 'थुम'चं 'थप' झालं. शेवटी रानडुकराच्या नवव्या पोराच्या बारशात सगळ्यांत जाड तार तुटली आणि पाळण्याला गुंडाळली गेली.

पार्टीचे मालक आणि मुख्य गायक होते रंगराव मोर. त्यांनी केरबाला बोलावलं.

"केरबा, वसंतमेळाव्याला पंधरा दिवस राहिलेत. तुझी गिटार खोकतेय."

"नव्या तारा घालतो, मालक."

"घाल. पण हा आपला बबन बघून ठेव."

बबन वानर कोपऱ्यात शेपटीवर बसला होता. त्याच्या मांडीवर नवा कोरा कीबोर्ड होता.

"ह्यातलं एक बटण दाबलं की अस्वल वाजतं," रंगराव म्हणाले. "मधही मागत नाही. मेळाव्यात पहिलं गाणं बबनबरोबर, दुसरं तुझ्याबरोबर. जे बरं वाटेल ते ठेवीन."

बबनने बटण दाबलं. 'थुम' असं अगदी स्वच्छ वाजलं. केरबा आपल्या पंजाकडे बघू लागला. आपण बारा वर्षं जे करत होतो ते एका बटणाचं काम होतं की काय?

तो थेट साळूबाईच्या दुकानात गेला. साळूबाई साळिंदर तारा विकायची. दुकानात खुंट्या नव्हत्या. सगळा माल तिच्या पाठीवरच टांगलेला असायचा.

"दोन जाती आहेत बघ," ती पाठ फिरवून म्हणाली. "तारेवर बारीक तार गुंडाळलेली असते. ती गोल असली तर तार खरखरीत. आवाज खणखणीत, पण बोटाला चावते. ती चपटी असली तर तार गुळगुळीत. आवाज मऊ, भरदार, जरा आळशी. तुला कुठली देऊ?"

"लोक कुठली घेतात?"

"लोक घेतात ती घेतात. तुला काय वाजवायचंय?"

असा प्रश्न केरबाला बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता. तो गडबडला.

"विचारून येतो," तो म्हणाला.

बाळांनो, इथे केरबा चुकला. पण त्याला हसू नका. तुम्हीही शाळेत कुठला विषय घ्यायचा हे शेजारच्या काकांना विचारणार आहात.

केरबाने ज्याला त्याला विचारलं. ढोलकीवाला सुतारपक्षी म्हणाला, "गुळगुळीत घाल, म्हणजे माझी ढोलकी उठून दिसेल." रंगराव म्हणाले, "जी कमी ऐकू येईल ती." कोल्ह्याने पाचशे तारांवर मतं लिहिली होती. त्याने दोन तास माहिती दिली. शेवटी केरबाने विचारलं, "तुम्ही स्वतः कुठली वापरता?"

"छे छे," कोल्हा म्हणाला. "मी वाजवत नाही. त्याने मत कलुषित होतं."

तीन दिवसांत जंगलात दोन पक्ष पडले. खरखरीतवाले एका काठावर पाणी पिऊ लागले, गुळगुळीतवाले दुसऱ्या. सोयरिकी मोडल्या. तेव्हा सिंहमहाराजांनी जांभई दिली आणि तार निवड समिती नेमली.

अध्यक्ष अर्थातच ससा. जंगलात सर्वांत लांब कान त्याचे. बाकीचे सदस्यही कान मोजूनच घेतले. नदीकाठच्या धामणीनेही अर्ज केला होता. तो परत आला. वर शेरा होता : 'दोन्ही कानांची साक्षांकित प्रत जोडलेली नाही.'

समितीने चाचणी ठेवली. साळूबाईकडून दोन्ही जातींचे संच मागवले. केरबाने आधी खरखरीत तारा चढवून वाजवल्या, मग गुळगुळीत. सदस्य डोळे मिटून डुलत होते.

"पहिल्या तारेत मोहाच्या फुलांचा ओला दरवळ आहे," ससेसाहेब म्हणाले.

"दुसरीत थोडी माती आहे," बकरी म्हणाली. "पण चांगल्या घरातली."

केरबाने पंजा वर केला. "साहेब, स्पीकरची वायर अजून जोडलेली नाही. ती जोडू का?"

मग ससेसाहेब कारकुनाला म्हणाले, "इतिवृत्तात घ्या. वायर न जोडताही समितीला फरक स्पष्ट जाणवला."

निकाल चौथ्या दिवशी लागला. दोन्ही पक्षांना न्याय मिळावा म्हणून दोन जाड तारा गुळगुळीत आणि दोन बारीक तारा खरखरीत घालाव्यात. खाली पंजाचा शिक्का होता.

साळूबाईने हुकूम वाचला आणि तिचे काटे उभे राहिले. "अरे, ही काय तऱ्हा! एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात खडाव घालून लग्नाला जायचं का?"

"शिक्का आहे," केरबा पुटपुटला.

त्याने मधाचं एक आख्खं पोळं दिलं आणि दोन-दोन तारा घेतल्या. उरलेल्या दोन-दोन साळूबाईने पाठीला परत टांगल्या. घरात दुसरं पोळं नव्हतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी केरबा नदीकाठी सरावाला बसला. गिटार पहिली निम्मी ओळ घोरत होती आणि उरलेली निम्मी ओरडत होती. पलीकडच्या झाडावर बबन बसला होता. तो केरबाच्या खुर्चीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजत होता.

तेवढ्यात बिळातून धामण बाहेर आली. चांगलीच तापलेली होती.

"कोण तो मेला? आधी पोटाखाली गोधडी घालतो आणि मग त्याच पोटावर खडे मारतो!"

"मी आहे, मावशी. केरबा."

"तू? तुला काय धाड भरली? चांगला वाजवायचास की!"

केरबा बघतच राहिला. "मावशी, तुम्हाला कान..."

"नाहीत. म्हणून तर तुमच्या त्या रंगरावाचं काही कळत नाही मला, देवाची कृपा. मी जमिनीला पोट लावते. जमिनीतून येतोस तो तू. माझी सात वेळची अंडी तुझ्या तालावर उबली. पोरं कवचातून बाहेर यायची ती डुलतच."

त्याने उगाच नाक पुसलं.

"पण आता बबनचं बटण आलंय," तो म्हणाला. "तेही थुमच म्हणतं."

"म्हणतं ना. परवा सराव चालला होता तेव्हा आलं माझ्या पोटाखालून. सगळी थुमं एका मापाची, विटा रचल्यासारखी. तू तसा नाहीस. ओळ संपली की तू जरा रेंगाळतोस."

"ते होय? तिथे मालकांचा दम संपतो. त्यांना श्वास घ्यायला वेळ लागतो. मग मी थांबतो."

"त्यांना ठाऊक आहे हे?"

"नाही बुवा."

धामण हसली की नाही हे सांगणं कठीण, सापाचं तोंड तसंच असतं. ती जमिनीवर सपाट पडली. "चल, एकेक तार वाजव."

त्याने वाजवली.

"ह्यातली कुठली तार तुला त्या रेंगाळण्याला मदत करते?"

केरबाने जाड तारेवरून अंगठा फिरवला. मग बारीक तारेवरून. बारीक तार लगेच पुढे पळत होती. जाड, गुळगुळीत तार अंगठ्याखाली थांबत होती, म्हातारा बैल चढावर थांबतो तशी.

"गुळगुळीत," तो म्हणाला. आणि स्वतःच दचकला. कुणाला न विचारता त्याने उत्तर दिलं होतं.

तो पळतच साळूबाईकडे गेला. दोन खरखरीत तारा देऊन दोन गुळगुळीत घेतल्या.

"शिक्क्याचं काय?" तिने विचारलं.

"शिक्का वाजत नाही, साळूबाई."

मेळावा सकाळी भरला. पहिलं गाणं बबनबरोबर झालं. बटण चोख वाजलं. ओळ संपली तरी ते थांबलं नाही. रंगरावांनी श्वास घेईपर्यंत गाणं दोन पावलं पुढे गेलं होतं. ते मागून धावले, ठेचकाळले, खोकले. पिसारा अर्धाच उघडला.

दुसऱ्या गाण्याला केरबा बसला. गुळगुळीत तारा जमिनीत उतरल्या. हत्तीची पिल्लं कारण न कळता डुलायला लागली. रंगरावांचा दम जिथे जिथे संपला तिथे तिथे केरबा थांबला. श्वास आला की त्यांना हाताला धरून पुढे घेऊन गेला. धामण अगदी पुढे मातीवर सपाट पसरली होती. मागच्या रांगेतले म्हणाले, "बघा, झोपली! ह्यांना संगीतातलं काय कळणार?"

गाणं संपलं. जंगलाने रंगरावांना सतरा हार घातले.

"पहिल्या गाण्याला गळा तापला नव्हता," रंगराव म्हणाले. मग बबनला निरोपाचं केळं दिलं आणि केरबाकडे वळले. "तू राहा रे. का कोण जाणे, तू शेजारी असलास की माझा आवाज लागतो."

ससेसाहेब मंचावर चढले. समितीच्या मिश्र तारांचं हे यश आहे, असं त्यांनी जाहीर केलं. यापुढे जंगलातल्या प्रत्येक वाद्यात हेच धोरण राबवलं जाईल, असंही सांगितलं. टाळ्या झाल्या.

केरबाने तोंड उघडलं. आपल्या चारही तारा गुळगुळीत आहेत हे त्याला सांगायचं होतं. पण तेवढ्यात तिसरं गाणं सुरू झालं आणि रंगरावांना श्वास हवा होता. त्याने तोंड मिटलं आणि अंगठा जाड तारेवर ठेवला.

तात्पर्य : आपलं काम कसं करावं हे मोठ्यांना अवश्य विचारावं. त्यांचा हुकूम शिक्क्यासकट घरी आणावा, मान डोलवावी आणि मग आपल्या अंगठ्याला पटेल ते करावं. यश आलं की ते त्यांनाच देऊन टाकावं. यश मिळालं की समित्या शांत झोपतात, आणि त्या झोपल्या म्हणजे आपल्याला वाजवायला निवांत वेळ मिळतो.