उलटं पायडल

वाचकहो, यादी करावी तर मीच! आकुर्डीच्या कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण प्रयोगशाळेतलं एकही भिंग फुटू दिलं नाही. त्यामुळे सायकलींच्या प्रसारासाठी हॉलंडच्या एका शहराशी सहकार्य करायचं महापालिकेने ठरवलं, तेव्हा पहिल्या फेरीची सुरक्षा माझ्याकडे आली. मी एक्केचाळीस कलमं काढली. 'ब्रेक तपासले' यापुढे तर दोन खुणा!

सायकलींच्या अदलाबदलीची कल्पनाही माझीच. हॉलंडहून आलेले पाहुणे यान यांची नारिंगी सायकल मी चालवायची, आणि त्यांनी नानांची. नाना म्हणजे माझे वडील. त्यांची काळी, दांड्याची सायकल एकतीस वर्षं त्यांना कंपनीत नेत होती. पहिली शिफ्ट सुटली की गल्लीच्या तोंडाशी ते पायडल उलटं फिरवायचे. कर्रर्र असा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची.

"बाई, गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची न्हाई म्हंजे न्हाई!" नाना म्हणाले.

"नाना, दोन देशांचा प्रश्न आहे!"

"मग देशाला सांग एक सायकल घ्यायला."

शेवटी अट घालून दिली. "एक वरखडा दिसला, तर पुन्ना हात लावू देणार न्हाई. तुलाबी!"

कासारवाडीच्या शौकतभाईंनी ब्रेक नवे बसवले. "मॅडम, मुंगी आडवी आली तरी थांबणार!"

साडेतीनला पुलावरून फेरी निघाली. पुढे मी, मागे यान, त्यांच्यामागे हेल्मेट घातलेले पाच अधिकारी. उताराच्या तळाशी नानांच्या जुन्या कंपनीचं फाटक. तिथे नाना खुर्ची टाकून बसलेले. त्यांना पाहिलं आणि काय झालं कोण जाणे, माझ्या पायांनी आपसूक पायडल उलटं फिरवलं. कर्रर्र ऐकायला!

आवाज आला नाही. सायकल मात्र खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी थांबली! मागचे पाचही अधिकारी मांडवातल्या खुर्च्यांसारखे एकमेकांवर रचले गेले. यान मला चुकवून पुढे सुटले आणि थांबण्यासाठी त्यांनीही जिवाच्या आकांताने पायडल उलटं मारलं.

कर्रर्र! कर्रर्र! चाळीस वर्षांपूर्वीचा तोच गोड आवाज. फक्त सायकल थांबेना!

"साहेब, हात! हात दाबा!" शौकतभाई हात उंचावून ओरडत धावले. यानना मराठी कळेना. त्यांनीही हात उंचावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

शिफ्ट सुटल्यामुळे फाटक सताड उघडं होतं. पहारेकरी गणराजने गडबडीत कडक सलाम ठोकला. सायकल आत शिरली, डावीकडे वळली आणि थेट सायकल स्टँडमध्ये गेली. आता तिथे सायकली नसतात, पुठ्ठ्याची रिकामी खोकी असतात. यान त्यांत गडप!

"गाडी जागा न्हाई विसरली," नाना म्हणाले.

खोक्यांतून यान हसतच बाहेर आले. त्यांच्या सायकलचा ब्रेक पायात, आपला हातात. दोन्ही तपासलेले, दोन्ही उत्तम! चालवणाऱ्यांना मात्र कोणता ब्रेक येतो, हे कोणी विचारलं नव्हतं. बेचाळिसावं कलम मी तिथेच लिहिलं.

मग सायकल तपासली. स्पोक शाबूत, हँडल सरळ. पण दांड्याच्या खालच्या बाजूला वरखडा! मी पट्टीने मोजला. चौदा सेंटिमीटर.

"नाना," मी म्हटलं, "वरखडा पडलाय. चूक माझीच."

नाना वाकले. वरखड्यावरून अंगठा फिरवला.

"व्हय, तुझीच. शहाऐंशी साली शिकताना नळाला धडकली होतीस, त्याचा हाय हा. ह्या बाबानं काय न्हाई केलं."

आता यान रोज सकाळी नानांच्या सायकलवर हाताचे ब्रेक शिकतात. मला अजून हात लावायची परवानगी नाही.