अण्णांचा डावीकडे वळणारा बॉल

आमच्या बेळ्ळंदूरच्या सोसायटीत उजवा पाय वीतभर मागे घेऊन लिफ्टमध्ये कुणी उभं दिसलं, की ते हणमंतअण्णा. गणपतीच्या आरतीलाही ते तसेच उभे राहतात. मला आधी वाटलं, कंबर धरली असेल. मी मलम सुचवलं, तर म्हणाले, "कंबर सरी आहे. पाय दोन डिग्री कमी पडतोय."

अण्णा पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे मराठी, त्यामुळे बोलण्यात अधूनमधून 'सरी' म्हणजे ठीक, असं कानडी डोकावतं. एका कारखान्यात लेथवर काम करता करता फोरमन झाले. तिथल्या साहेबांना एकदा गोल्फला चौथा भिडू कमी पडला म्हणून यांच्या हातात काठी दिली, ती आजतागायत सुटलेली नाही. होसकोट्याच्या बाजूला नऊ होलचं एक साधंसं मैदान आहे. दर रविवारी सकाळी अण्णा आणि त्यांच्या पत्नी सुमित्राअक्का तिथे हजर. अण्णा खेळायचे आणि अक्का बरोबरीने चालायच्या, हा तीस वर्षांचा नेम. गेल्या वर्षी अक्का आजारी पडल्या तेव्हा तेवढा दोन महिने मोडला.

आता अण्णांचा बॉल जन्मजात उजवीकडे वळणारा. त्यावर त्यांचं तीस वर्षं उत्तम चाललं होतं. पण अक्का बऱ्या झाल्या आणि अण्णांच्या डोक्यात सातवा होल शिरला. तिथे मैदान एका फणसाच्या झाडापाशी डावीकडे वळतं. इतकी वर्षं ते मुकाट्याने झाडाच्या अलीकडे बॉल ठेवून पुढच्या फटक्याला वळायचे. आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांना बॉल झाडाच्या उजव्या अंगाने काढून हवेतच डावीकडे उतरवायचा होता. का, तर "त्या होलला तसाच बॉल पाहिजे."

शिकणंही फोरमनच्या शिस्तीने. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं आणि आठवडाभर तेच चालवायचं. एक आठवडा काठीची पकड, एक आठवडा उजवा पाय, एक आठवडा मनगट. सराव आमच्या बेसमेंटमध्ये, भोकांच्या प्लॅस्टिक बॉलने. खांबाला वळसा घालून बॉल पलीकडे गेला पाहिजे. तो पलीकडे जायचा नाही, माझ्या गाडीच्या काचेवर यायचा. शेवटी सेक्रेटरींनी बेसमेंटमध्ये खेळायला मनाई असल्याची नोटीस लावली. अण्णांनी ती नीट वाचली, तिच्याखाली खडूने पायांच्या खुणा केल्या आणि तिथेच उभे राहून सराव चालू ठेवला.

यात एक गोची झाली. डावं साधेना आणि हातचं उजवंही गेलं. धड ना इकडचे, धड ना तिकडचे. कारखान्यातल्या जुन्या दोस्तांनी हात जोडले, की अण्णा, वार्षिक स्पर्धा तोंडावर आली, जुनाच फटका मारा. अण्णा म्हणाले, "मशीन चुकत नाही, सेटिंग चुकतं," आणि स्पर्धेतून स्वतःच नाव काढून घेतलं. म्हातारपणी हट्ट वाढतो असं आम्ही सोसायटीत ठरवून टाकलं. मी तर त्यांच्या उभं राहण्याची नक्कलही करायचो आणि ती बऱ्यापैकी जमायची.

एका रविवारी त्यांना कॅब मिळेना म्हणून मी सोडायला गेलो. अक्कांना आता फार चालवत नाही. त्या थेट सातव्या होलपाशी गेल्या आणि अण्णा जिथून मारतात तिथल्या मागच्या बाकावर बसल्या. मी त्यांच्या उजवीकडे बसून पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा सगळी मान फिरवून त्यांनी बाटली शोधली आणि हसल्या.

"मेंदूला झटका आला तवापासून उजवीकडचं दिसत नाही बघ," त्या म्हणाल्या. "डोळे बरे आहेत. ती बाजूच गेली."

मग हळूहळू सगळं कळलं. बॉल मारल्यावर मान वर करायची अण्णांना सवय नाही, बॉल कुठे पडला ते तीस वर्षं अक्काच सांगत आल्या. आजारातून उठून त्या पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा अण्णांनी बॉल मारला, तो नेहमीसारखा उजवीकडे गेला आणि अक्कांना काही दिसलंच नाही. मान वळवेपर्यंत तो पडूनही गेला होता. "मी यांना म्हटलं, आता दुसरं कुणी बघा सांगायला. घरी जाऊन लई रडले," अक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी उजवा पाय मागे घेतला होता.

मला माझ्या नकलेची फार लाज वाटली.

तोवर अण्णा सातव्यावर पोचले होते. पहिले चार बॉल फणसाने गिळले. पाचवा गवतात गेला. अण्णांनी बूट पुसले, पाय मोजून मागे घेतला आणि सहावा मारला. तो झाडाच्या उजवीकडून निघाला, वर गेल्यावर सावकाश डावीकडे कलला आणि हिरवळीवर उतरला. पांढराशुभ्र, अगदी उघड्यावर. मला दिसत होता. आणि अण्णांनी या खेपेला मान वर केली होती, त्यांनाही दिसत होता.

तरी ते पाठमोरेच थांबले.

"सुमे, कुठं पडला?"

अक्का बाकावरून अर्ध्या उठल्या होत्या. "त्या दगडाच्या अलीकडं," त्या म्हणाल्या. "स्वल्प डावीकडं. चला, दाखवते."