तरंगाताई आणि नळातली नदी

एका जंगलात, म्हणजे जिथं बर्फही पडतं आणि निवडणुकाही होतात अशा एका लांबच्या जंगलात, तरंगाताई नावाची पाणमांजर राहत होती. तिला तीन पिल्लं होती आणि एक नदी होती. नदी तशी सगळ्यांचीच होती, बाळांनो, पण काळजी मात्र तिला एकटीलाच होती.

तिथले राजे अस्वलमहाराज. त्यांना गुहेत दिवे हवे झाले. म्हणून त्यांनी हुकूम काढला, की अख्खी नदी डोंगरावरच एका मोठ्या नळात घालायची आणि त्या पाण्यावर वीज करायची.

"मग खाली काय उरेल?" तरंगाताईने विचारलं.

"दगड उरतील की," महाराज म्हणाले. "छान गोल दगड आहेत."

आता तुम्ही म्हणाल, तिने अर्ज का नाही केला? तर त्या जंगलात अर्जाची एक रीत होती. महाराज नको असलेला अर्ज कधीच फेटाळत नसत. फार सभ्य अस्वल! ते तो कासवकाकांच्या समितीकडे पाठवत. काकांनी चालत जायचं, जागा पाहायची, चालत परत यायचं आणि कागदावर पंजा उमटवायचा. तोवर समितीकडे गेलेल्या कुठल्याही कागदाला खुद्द महाराजांनीही हात लावायचा नाही. नियम त्यांनीच केला होता.

तरंगाताईच्या आजीने केलेल्या अर्जाचा निकाल नुकताच लागला होता. आजी जिंकली होती. पण ते ऐकायला आजी हयात नव्हती.

म्हणून तरंगाताई अर्जाच्या फंदात पडली नाही. पिल्लं घेऊन ती सरळ नळाच्या तोंडात जाऊन बसली. काम थांबलं. बेडूकराव आला, साळिंदरं आली, करकोचे आले. घोषणा सुरू झाल्या. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे महाराजांची झोप उडाली.

त्यांनी तरंगाताईला बोलावलं आणि पर्यावरणमंत्री केलं. तीही लगेच हो म्हणाली!

"खुर्ची दिसली आणि नदी विसरलीस!" बेडूकराव सगळ्यांसमोर ओरडला. तो तिचा लहानपणापासूनचा मित्र. तरंगाताईला फार लागलं ते.

पहिल्याच दिवशी नळाचा हुकूम तिच्यापुढे सहीला आला. तिने तो दोनदा वाचला.

"महाराज, किती मोठं काम आहे हे! असं घाईघाईनं उरकायचं म्हणजे तुमचाच अपमान. आधी कासवकाका जागा पाहून येऊ देत."

महाराजांना हुकूम काकांकडे पाठवावाच लागला. नियम त्यांचाच होता, आणि सभ्यपणाही.

काका त्याच दुपारी निघाले. वाटेत आलुबुखाराची बाग होती. काकांना आलुबुखार फार आवडायचे.

पाच वर्षं गेली. पुन्हा निवडणूक आली. तरंगाताईविरुद्ध बेडूकराव उभा राहिला.

"पाच वर्षांत या बाईंनी काय केलं? काही नाही!" तो गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून गर्जला. सगळ्यांनी पाण्यातूनच टाळ्या वाजवल्या. तरंगाताई सपाटून पडली.

ती घरी आली आणि तिने पिल्लांसकट नदीत उडी मारली. पिल्लं आता चांगली मोठी झाली होती. तेवढ्यात काठावर धापा टाकत कुणीतरी आलं.

"ताई, पाहणीला आलोय," कासवकाका म्हणाले. "नदी जागेवर आहे ना?"

"आहे की. दमला असाल, या पाण्यात."

"परत जायला थोडा वेळ लागेल हो."

"लागू द्या, काका," तरंगाताई म्हणाली आणि मनापासून हसली. "परतीच्या वाटेवर बागेत आलुबुखार राहिलेत ना काही?"

तात्पर्य : मंत्र्यांनी कामं झटपट करावीत, असं सगळेच सांगतात. ज्यांची नदी अजून वाहते आहे, त्यांनी ते फारसं मनावर घेऊ नये.