मयूराची शाळा आणि काळा सूट

यतिन आणि चारुता सरपोतदार यांच्या परदेशातल्या घरात वर्षभर एकच भांडण चालू होतं. ते दोघांनाही इतकं पाठ झालं होतं, की एक जण दमला तर दुसरा त्याची बाजूही मांडू शकला असता. मयूरा सहावीत होती. पुढच्या वर्षापासून हायस्कूल. यतिनला ती खाजगी शाळेत जायला हवी होती, तर चारुताला ट्रुगानिना उपनगरातल्या, घराजवळच्या सरकारी शाळेत.

"चालत जाईल, चालत येईल. मैत्रिणी गल्लीतल्याच," चारुता म्हणायची. "मी साताऱ्यात नगरपालिकेच्या शाळेत शिकले. काय कमी पडलं माझं?"

"तू तिथे वर्गाला गप्प बसवायचीस. मयूराला एक शब्द फुटत नाही बाहेर. एवढ्या पोरांत ती हरवून जाईल गं."

यात खोटं काही नव्हतं. मयूरा घरात अखंड बडबडायची, पण उंबरठा ओलांडला की बोलणं बंद. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करायची नाही. गेल्या वाढदिवसाला सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर ती केक उचलून घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत गेली होती आणि मेणबत्त्या तिथे एकटीने विझवून आली होती.

शेवटी तह झाला. एकाच दिवशी दोन्ही शाळा बघायच्या. सकाळी खाजगी, आर्वोला, म्हणजे दुपारी, सरकारी.

खाजगी शाळेच्या मुलाखतीसाठी यतिनने काळा सूट, पांढरा शर्ट आणि काळा टाय असा जामानिमा केला. तिथल्या मुख्याध्यापिका मयूराला प्रश्न विचारत होत्या आणि मयूरा गालिच्याकडे बघत होती. मग यतिनच उत्तरं देत गेला. तिला कोणतं पुस्तक आवडतं, कोणता खेळ आवडतो, मोठेपणी काय व्हायचंय, सगळं त्याने सांगितलं. मुख्याध्यापिका उठताना म्हणाल्या, "मिस्टर सरपोतदार, तुम्ही आमच्या शाळेत छान रमाल."

दुपारी सरकारी शाळेसमोर गाडी लावायला जागा मिळेना. चारुता आणि मयूरा उतरून पुढे गेल्या. पालकांना शाळा दाखवायची टूर सुरू होणारच होती. यतिनने दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावली आणि घाम पुसत ऑफिसात शिरला. काउंटरमागच्या बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलात एकदाचे! सगळे तुमचीच वाट बघतायत!"

यतिनला धक्काच बसला. सकाळच्या शाळेत कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"सॉरी, पार्किंग मिळत नव्हतं," तो म्हणाला.

"नो वरीज. गाडी आणलीय ना? मुलांना बघायची होती."

"आणलीय, पण लांब लावलीय." आपली जुनी कॅमरी मुलांना कशाला बघायची असेल, हे त्याला कळेना. एवढी वाईट परिस्थिती आहे का सरकारी शाळेत, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

बाईंनी त्याच्या कोटाला 'पाहुणे' असा स्टिकर लावला आणि त्याला मंचाशेजारच्या दाराने थेट सभागृहात नेलं. आत नववीची मुलं दाटीवाटीने बसली होती. एका तरुण शिक्षकाने त्याचा हात हातात घेऊन हलकेच दाबला. "तुम्ही करता ते काम करायला मोठं काळीज लागतं. थोडक्यात सांगा. मुलं जरा घाबरलीयत, पण उत्सुकही आहेत."

यतिनला वाटलं, इथे नव्या पालकांची अशी ओळख करून देत असतील. त्यात मोठं काळीज म्हणणारा माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. एका विमा कंपनीत जुन्या कॉम्प्युटर सिस्टिम्स बंद करणं हे त्याचं काम. त्याबद्दल घरीसुद्धा कुणी कधी विचारलं नव्हतं. तो मंचावर गेला आणि माइक पुढे ओढला.

"बहुतेक लोकांना आमची आठवण अगदी शेवटी होते," त्याने सुरुवात केली. "आयुष्य संपत आलं की मग आम्हाला फोन येतो."

मुलं पुढे झुकून ऐकू लागली. यतिनला चेव चढला.

"काही चाळीस-चाळीस वर्षं झिजलेले असतात. लोकांचा जीव अडकलेला असतो त्यांच्यात. म्हणतात, अजून एक वर्ष राहू दे. मी स्पष्ट सांगतो, सॉरी, आता काही होण्यासारखं नाही. तारीख ठरवून टाकू या."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने शेजारणीचा हात धरला. मागून एका मुलाने विचारलं, "म्हणजे तारीख तुम्ही ठरवता?"

"शक्यतो वीकेंडची. लोकांची गैरसोय होत नाही."

शिक्षक खुर्चीत सावरून बसले.

"मग त्यांचं पुढे काय होतं?"

"जे महत्त्वाचं असतं, ते आधी वर क्लाउडमध्ये जातं." यतिनने छताकडे बोट केलं. काही मुलांनी वर पाहिलं. एकीने डोळे पुसले. "खाली उरतो नुसता सांगाडा. त्यातला एखादा भाग चांगला असला, तर तो आम्ही काढून घेतो आणि दुसऱ्याला बसवतो."

"घरच्यांना विचारून?" शिक्षकांचा आवाज चिरका झाला.

"छे! त्यांना कुठे कळतंय!"

आता शिक्षक उभेच राहिले. पण तेवढ्यात आणखी एक हात वर आला. "कधी असं झालंय का, की मेलेला परत उठला?"

"हो! एकदा रविवारी आम्ही सगळं आटोपून घरी गेलो. सोमवारी सकाळी बघतो तर हा आपोआप चालू!"

सभागृहातून एकच "आँ!" उठला.

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? परत मारला," यतिन अभिमानाने म्हणाला. "तेही मी नाही. पुण्याला आमची टीम आहे, ती तिथूनच मारते."

नेमक्या याच क्षणी सभागृहाचं मागचं दार उघडलं आणि "हे आमचं सभागृह" असं म्हणत टूर आत आली. चारुताला मंचावर आपला नवरा दिसला. समोर काळेठिक्कर पडलेले शंभरेक चेहरे दिसले. त्याच्यामागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'करिअर दिन: आजचे पाहुणे, अंत्यसंस्कार संचालक'.

"अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

शिक्षक मंचाच्या पायऱ्या चढत होते. पहिल्या रांगेतली मुलगी आता हुंदके देत होती. यतिनला वाटलं, भाषण भिडलंय. त्याने पुढचा मुद्दा काढला, "आता बॅकअपबद्दल..."

"स्टॉप! ही इज माय डॅड!"

चारुताने दचकून शेजारी पाहिलं. शेजारी मयूरा नव्हती. ती मधल्या वाटेने तरातरा पुढे चालली होती. "तो माणसं नाही मारत! कॉम्प्युटर्स! तो कॉम्प्युटर्सबद्दल बोलतोय! जुने कॉम्प्युटर्स! बाबा, मागे बघ!"

यतिनने मागे वळून पडदा वाचला. मग समोर पाहिलं. आपण काय काय बोललो ते त्याला पहिल्यापासून आठवायला लागलं आणि सांगाड्यापर्यंत पोचल्यावर त्याने माइकचा स्टँड घट्ट धरला.

मयूरा मंचाजवळ पोचली होती. रडणाऱ्या मुलीने वर बोट दाखवत तिला क्लाउडचं विचारलं. "क्लाउड म्हणजे ते क्लाउड नाही," मयूरा तिला समजावत होती, "फाइल्सवालं क्लाउड. कुणीही मेलेलं नाही. आय प्रॉमिस."

मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सभागृहाचं छत उडायचं तेवढं बाकी राहिलं. मुलं बाकं बडवत होती. शिक्षक पायरीवरच बसले आणि डोळे पुसू लागले.

टूरमधली पिवळ्या फुलाफुलांच्या झग्यातली एक बाई तेवढ्यात पुढे आली. चारुता मघापासून तिच्याशीच गप्पा मारत होती. "मला वाटतं, हे माझं काम होतं," ती म्हणाली. "मी ऑफिसात सांगत होते, पण त्यांनी मला पालकांत उभं केलं. आणि मुलांनो, आम्ही सुटे भाग काढत नाही."

तिघं गाडीत बसली. यतिनने टाय काढून खिशात कोंबला.

"ती बोलली," तो म्हणाला. "चारुता, एवढ्या पोरांसमोर बोलली गं ती."

"मी बघत होते."

"तुझंच बरोबर होतं. हीच शाळा. उद्याच नाव घालू."

चारुताने त्याच्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. वर्षभराचं भांडण तो एका वाक्यात हरला होता, आणि तिला जिंकल्यासारखं वाटायलाही वेळ मिळाला नव्हता. कारण मागच्या सीटवरून आवाज आला.

"आय ॲम नॉट गोइंग देअर."

"काय?" दोघंही एकदम ओरडले.

"तिथे सगळ्यांना माहीत आहे की तो माझा बाबा आहे. मला सकाळचीच शाळा हवी. तिथे कुणी हसत नाही."

तिथे कुणी हसत नाही, हे यतिननेही सकाळी पाहिलं होतं, आणि ते शाळेचं भूषण आहे असंच तेव्हा त्याला वाटलं होतं. त्याने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून विनवण्या सुरू केल्या. चालत जाशील, चालत येशील, मैत्रिणी गल्लीतल्याच. स्वतःची सगळी वाक्यं नवऱ्याच्या तोंडून ऐकताना चारुताने पदर नसतानाही तोंडाला काहीतरी लावायला शोधलं आणि शेवटी गाडीतला नकाशाच धरला.

मयूराने सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर पाहून विचार केला.

"ती रडणारी मुलगी आहे ना, तिने मला विचारलं, तू इथे येणार का म्हणून," ती म्हणाली. "मी जाईन. पण एक कंडिशन आहे."

"बोल. काय वाट्टेल ते," यतिन म्हणाला.

"माझी बारावी होईपर्यंत तू त्या शाळेत पाय ठेवायचा नाही. मीटिंगला आई येईल. काँसर्टला आई येईल. आणि मला न्यायला आलास तर गाडी लांब लाव आणि उतरू नकोस."

यतिनने आशेने बायकोकडे पाहिलं.

"मान्य आहे," चारुता म्हणाली.